टिटवीच्या नावात सूप!

रात्री ‘टिटीटिव्, टिटीटिव्’ असा ओरडा ऐकून कुणी ‘अशुभ!’ म्हणाले, तर घाबरू नका. ती आहे पाणथळ जागी, माळावर हिंडणारी लांब पायांची टिटवी. आवाजावरूनच तिचे हे नाव पडले. संस्कृतात ती ‘टिट्टिभ’.

शास्त्रीय नाव मात्र ‘व्हॅनेलस इंडिकस’. लॅटिनमध्ये ‘व्हॅनस’ म्हणजे धान्य पाखडायचे सूप! टिटव्यांच्या रुंद पंखांच्या फडफडीवरून हे नाव आले. १७६० साली ब्रिसन या फ्रेंच शास्त्रज्ञाने ते या प्रजातीला दिले. ‘इंडिकस’ म्हणजे भारतातील.

मग ती ओरडते का? टिटवी उघड्या जमिनीवर, खड्यांतच अंडी घालते. कुत्रा, मुंगूस किंवा माणूस जवळ आला, की ओरडून त्याला हुसकावते. तेव्हा तिचा ओरडा ऐकलात, तर पाऊल जपून टाका. पायाशीच अंडी असतील!