तणाला पाय नसतात

दवनीवाड्याच्या परिसरात तळ्यांविषयी बोलणं निघालं, की मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. वैनगंगेतलं तण पुराबरोबर खाली वाहत गेलं, हे समजतं. पण चारी बाजूंनी बंदिस्त असलेल्या तळ्यात ते येतं कुठून? पाणी तर चढावर वाहत नाही!

पूर, पक्षी, मत्स्यबीजाचं पाणी या त्याच्या वाटा आहेतच. पण एका वाटेकडे आपलं सहसा लक्ष जात नाही. ती म्हणजे आपली होडी आणि आपलं जाळं.

जलपर्णीचंच पाहा. ही मूळची दक्षिण अमेरिकेतली. जांभळट फुलांच्या हौसेपायी एकोणिसाव्या शतकात ती भारतात आली आणि 1936 साली बंगालमध्ये तिच्याविरुद्ध कायदा करावा लागला. एका रोपाला आडव्या फुटव्यांवर नवी रोपं येतात. उबदार, सांडपाणी मिसळलेल्या पाण्यात दोन आठवड्यांत त्यांची संख्या दुप्पट होऊ शकते. तिचं बी चिखलात पंधरा-वीस वर्षं जिवंत राहतं. म्हणजे डोंग्याच्या तळाला चिकटलेला मूठभर गाळही पुरतो. बेशरमेच्या फांदीचा तुकडा ओल्या मातीत पडला, तरी मुळं धरतो.

उलट्या दिशेचं उदाहरणही आहे. हायड्रिला ही आपल्या तळ्यांतली साधी पाणवनस्पती. माशांना तिचा आसरा मिळतो. 1950च्या दशकात शोभेच्या माशांच्या व्यापारातून ती अमेरिकेत फ्लोरिडाला पोचली आणि तिथे डोकेदुखी झाली. तिकडे लोक सुट्टीच्या दिवशी मोटारीमागे होडी जोडून या तळ्यावरून त्या तळ्यावर जातात. गाड्याला अडकलेले तिचे तुकडेही बरोबर जातात. 1988 साली तिथल्या मोठ्या सरोवरांत सापडलेला झेब्रा शिंपलाही असाच पसरला. त्याची पिल्लं इतकी बारीक, की होडीत उरलेल्या पाण्यात डोळ्यांना दिसतही नाहीत. म्हणून आता तिथे अनेक राज्यांत तलावाच्या काठावर होड्या तपासतात.

आपल्याकडेही नौकाविहार वाढतो आहे. तेव्हा हे आत्ताच लक्षात घ्यायला हवं, कारण एकदा माजलेलं तण काढणं सोपं नसतं. अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढिवर समाजाच्या महिलांनी मालगुजारी तळ्यांतली बेशरम उपटून काढली आणि स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या. त्यासाठी चिखलात उतरून किती राबावं लागलं असेल, याची कल्पना करा.

त्यापेक्षा काळजी घेणं स्वस्त. होडी बाहेर काढली, की चिकटलेलं तण, गाळ, शिंपले खरवडून काढा. आत साठलेलं पाणी तिथेच काठावर ओतून टाका. होडी आणि जाळं चार-पाच दिवस कडक उन्हात वाळू द्या. मगच दुसऱ्या पाण्यात उतरा. याला ना यंत्र लागतं, ना औषध. आणि आपल्या गोंदियात उन्हाची कमतरता कधीच नसते!