पेंडीमुळे दूध, की दुधामुळे पेंड?

सकाळच्या धारा झाल्या असतील, दूध डेअरीला पोचलं असेल. आता थोडा वेळ निवांत बसा. जवळ एक खडू आणि मूठभर चिंचोके घ्या. आज ऐकता ऐकता आपल्याला जमिनीवर एक चित्र मांडायचं आहे.

विषय गटाच्या बैठकीत नेहमी निघतो तोच. एक जण म्हणते, "जिच्या गाईला पेंड जास्त, तिचं दूध जास्त. गटातून कर्ज काढू आणि सगळ्याजणी पेंडीची पोती घेऊ." दुसरी म्हणते, "माझी गाय खाते पोतंभर, पण बादली काही भरत नाही." दोघीही खरंच बोलत असतात. पण कर्ज घेतलं की हप्ता सगळ्यांना भरावा लागतो. म्हणून आधी आकडे मांडून बघू.

प्रत्येक गाईचे दोन आकडे हवेत. रोज पेंड किती किलो आणि रोज दूध किती लिटर. दूध दोन्ही वेळचं मिळून धरायचं. एका दिवसावर जाऊ नका, आठवडाभर मोजून सरासरी काढा. माप सगळ्यांचं एकच असू द्या. एकीचा तांब्या आणि दुसरीचं लिटरचं माप, असं चालणार नाही.

आता पहिला प्रश्न. या दोन आकड्यांत कारण कोणतं आणि परिणाम कोणता? अंगणवाडीतला वाढीचा तक्ता आठवा. खाली आडवं बाळाचं वय असतं, उभं वजन असतं. वय वाढतं म्हणून वजन वाढतं. वजन वाढलं म्हणून वय वाढलं, असं कधी होत नाही. म्हणून वय खाली, वजन उभं. ज्याने दुसऱ्यात फरक पडेल असं आपल्याला वाटतं, तो कारणाचा आकडा. तो आडव्या रेघेवर. ज्यात फरक पडतो का हे बघायचं आहे, तो परिणामाचा आकडा. तो उभ्या रेघेवर. मुलींच्या पुस्तकात यांनाच स्वतंत्र चल आणि अवलंबी चल म्हणतात. चल म्हणजे बदलणारी गोष्ट, एवढंच.

गटाला काय जाणून घ्यायचं आहे? पेंडीने दूध वाढतं का. म्हणजे पेंड खाली, दूध उभं.

घ्या खडू. एक आडवी रेघ ओढा. तिच्या डाव्या टोकापासून सरळ वर एक उभी रेघ ओढा. दोन्ही रेघा मिळतात तिथे शून्य. आडव्या रेघेवर एक वीत म्हणजे एक किलो पेंड, अशा चार खुणा करा. उभ्या रेघेवर दोन बोटं म्हणजे एक लिटर दूध, अशा दहा खुणा करा. खुणांमधलं अंतर सारखं ठेवा, नाहीतर चित्र फसवतं.

समजा, गटात आठ गाई आहेत. मी सावकाश सांगते, तुम्ही चिंचोके ठेवा. पहिली गाय, पेंड 1 किलो, दूध 3 लिटर. आडव्या रेघेवर एकच्या खुणेवर या, तिथून सरळ वर तीनच्या उंचीला जा, तिथे चिंचोका ठेवा. दुसरी गाय, दीड किलो आणि 4 लिटर. तिसरी, 2 किलो आणि 5 लिटर. चौथी, 2 किलो आणि 6 लिटर. पाचवी, 3 किलो आणि 7 लिटर. सहावी, 3 किलो आणि 8 लिटर. सातवी, 4 किलो आणि 10 लिटर. आणि आठवी, 4 किलो पेंड, पण दूध 3 लिटर.

एक चिंचोका म्हणजे एक गाय. ठिपक्यांची रांगोळी काढताना आपण ठिपके जोडतो, इथे जोडायचे नाहीत. अंगणवाडीच्या तक्त्यात जोडतात, कारण ते सगळे ठिपके एकाच बाळाचे असतात, महिन्यामागून महिना. इथे प्रत्येक ठिपका वेगळ्या गोठ्यातला आहे.

आता उभ्या राहा आणि लांबून बघा. तीन गोष्टी बघायच्या. एक, ठिपके उजवीकडे जाताना वर चढतात, खाली उतरतात, की नुसते विखुरले आहेत? आपले चढतात. दोन, ते एका पट्ट्यात जवळजवळ आहेत की फाकलेले? आपले बरेच जवळ आहेत. तीन, एखादा ठिपका सगळ्यांपासून लांब पडला आहे का? आहे, आठवी गाय. तो चिंचोका उचलून टाकू नका. त्या गोठ्यात जाऊन बघा. गाय व्यायला बरेच महिने होऊन गेले असतील, दूध आटत आलं असेल. नाहीतर कासेचं दुखणं असेल. कासदाह कधीकधी बाहेरून दिसत नाही, कास सुजत नाही, फक्त दूध कमी होतं. अशा वेळी आणखी पेंड घालून उपयोग नाही, पशुवैद्यकांना दाखवायला हवं.

आता बाकीचे सात ठिपके. ते चढतात म्हणजे पेंडीने दूध वाढलं, असं झालं का? थांबा. आपण पेंड घालतो कशी ते आठवा. गाय दूध देते तसा खुराक. गाईला साधारण अडीच लिटर दुधामागे एक किलो, म्हशीला दोन लिटरमागे एक किलो, शिवाय शरीर पोसायला वेगळा, असा हिशेब आपल्याला सांगितलेला असतो. म्हणजे दहा लिटरच्या गाईला आपणच जास्त घालतो आणि तीन लिटरच्या गाईला हात आखडतो! मग पेंडीमुळे दूध की दुधामुळे पेंड? ठिपके दोन्ही बाजूंनी सारखेच चढतात. कारण कोणतं, हे ठिपके सांगत नाहीत.

शिवाय तिसरंच काही मागे असू शकतं. संकरित गाय दूधही जास्त देते आणि खातेही जास्त. विऊन महिना-दीड महिना झालेली गाय भरात असते, पुढे दूध हळूहळू उतरत जातं.

मग खरं कळायचं कसं? सारख्या जातीच्या, एकाच सुमाराला व्यालेल्या, साधारण सारखं दूध देणाऱ्या दोन गाई निवडा. कोणाची पेंड वाढवायची हे चिठ्ठी टाकून ठरवा, नाहीतर आपण आपली लाडकीच निवडतो. तिची पेंड अर्धा किलो वाढवा. तीही थोडी थोडी करून, एकदम वाढवली तर पोट बिघडतं. दुसरीची आहे तेवढीच ठेवा. चारा, पाणी, धारेची वेळ दोघींची सारखी. दोन आठवडे रोज दूध लिहा. असं तीन-चार घरांत करा. आता पेंड दुधाकडे बघून वाढलेली नाही, आपण चिठ्ठीने वाढवली आहे. तेव्हा फरक दिसला तर तो पेंडीचा म्हणता येईल. मग हिशेब सोपा. वाढलेल्या दुधाचे पैसे वाढलेल्या पेंडीपेक्षा जास्त आले का?

आणखी एक लक्षात ठेवा. प्रत्येक जोडीत कारण असतंच असं नाही. डेअरीच्या पावतीवर फॅट आणि एसएनएफ असतात. एकामुळे दुसरं होतं असं नाही, दोन्ही त्याच दुधाचे गुण. तिथे कोणतंही खाली घ्या, चालेल.

तर मैत्रिणींनो, कर्जाच्या अर्जावर अंगठा किंवा सही करण्याआधी एवढं करा. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपल्या गाईचे दोन आकडे, ती कधी व्याली ती तारीख आणि एक चिंचोका घेऊन या. चित्र सगळ्यांनी मिळून मांडा. जिचा चिंचोका लांब पडेल तिला हसू नका. तिच्याच गोठ्यात आधी जायचं आहे.