करवत घेताना मुठीकडे पाहा

कापडाच्या व्यापाऱ्याने करवतीवर लिहावे, हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. पण दोन वर्षांपूर्वी या विषयात आम्ही चांगलीच ठोकर खाल्ली आहे, म्हणून लिहीत आहोत.

आमच्या मोहल्ल्यातील बारा मुलांना सुतारकाम शिकवण्याचे ठरले. पैसे चार लोकांनी मिळून दिले आणि हत्यारांची खरेदी आमच्याकडे आली, कारण भाव पाडण्यात आमचा हात कोणी धरू शकत नाही असा लोकांचा समज आहे. एका घाऊक विक्रेत्याने हातकरवतीचा नमुना दाखवला. पाते चांगले, मूठ काळसर, जड, शिसवी. सौदा झाला. माल आला तेव्हा आम्ही पाती मोजून घेतली, दाते पाहिले आणि पावती दिली. मुठींकडे पाहिलेच नाही. उन्हाळा लागला तशा पाच मुठींना चिरा गेल्या, दोन मुठींची वरची शिंगे तुटली आणि एका मुलाच्या तळहातात लाकडाची लांब कुसळ घुसली. तो मुलगा सकाळी शिकत असे आणि दुपारी रोजावर जात असे. आठ दिवसांची त्याची मजुरी बुडाली. शिकवणाऱ्या मिस्त्रींनी ओले फडके मुठीवर घासून आमच्यापुढे धरले. फडके तपकिरी झाले होते. रंग दिलेला आंबा होता तो, आणि तोही पुरता न वाळलेला.

आम्ही आयुष्यभर कापडाचा रंग पक्का की कच्चा हे ओला रुमाल घासून पाहत आलो. नमुन्याचा ताका वेगळा आणि गाठीतला माल वेगळा, हा अनुभव आम्हाला नवा नाही. तरीही लाकडाच्या बाबतीत फसलो. मग मिस्त्रींच्या शेजारी बसून जे शिकलो ते येथे देत आहोत.

पहिली गोष्ट अशी की, कुऱ्हाडीचा दांडा आणि करवतीची मूठ यांचे काम एक नाही. कुऱ्हाडीला दणका सोसायचा असतो, म्हणून तेथे धामणीसारखे लवचिक लाकूड लागते. करवतीला दणका नसतो. तेथे हात तासन्‌तास पुढेमागे घासतो, घाम मुरतो आणि मुठीच्या निमुळत्या भागावर ताण येतो. म्हणून करवतीला बारीक पोताचे, गुळगुळीत होणारे, न तडकणारे लाकूड पाहिजे. लवचिकपणाला येथे फारशी किंमत नाही. विलायतेत यासाठी बीच वापरत. अमेरिकेत हेन्री डिस्टन याने १८४० मध्ये फिलाडेल्फियात करवतींचा कारखाना काढला, त्या कारखान्याच्या उंची मालाला सफरचंदाच्या झाडाची मूठ असे आणि हलक्या मालाला बीचची. सफरचंदाचे लाकूड घट्ट, बारीक पोताचे आणि हातात रेशमासारखे लागणारे. त्या मुठी आजही जुन्या बाजारात शाबूत सापडतात.

आपल्याकडे काय घ्यावे? शिसव उत्तम, यात वाद नाही. जड आहे, पण कातीव काम छान होते आणि घामाने खराब होत नाही. फक्त काही लोकांच्या कातडीला शिसवीच्या भुशाने खाज सुटते व पुरळ येते. अशा कारागिराने घासकाम दुसऱ्याकडून करून घ्यावे. शिशमही चांगले. बाभूळ स्वस्त आणि चिवट, आम्हाला ती सर्वांत किफायतशीर वाटते. मात्र तिचा लालसर गाभाच घ्यावा. बाहेरच्या पांढुरक्या भागाला भुंगा लागतो. साग लोकांना फार प्रिय, कारण तो पावसाळ्यात फुगत नाही. पण मुठीची बारीक शिंगे सागात टिकत नाहीत, आडवी तुटतात. सागाची मूठ करायचीच तर ती जाड आणि शिंगे आखूड ठेवावीत. निलगिरीचे नाव काढू नये, ती पिळवटते.

लाकडाच्या जातीपेक्षा मिस्त्रींचा भर रेषांवर होता. येथे आमचा धंदा उपयोगी पडला, कारण आडवा-उभा धागा आम्हाला कळतो. कापड उभ्या धाग्याच्या दिशेने सरळ फाटते, तसे लाकूड रेषेच्या दिशेने फुटते. मूठ वळणदार असल्याने कोठे तरी रेषा आडव्या पडणारच. त्या जाड भागात पडाव्यात. जेथे मूठ सर्वांत निमुळती आहे तेथे रेषा तिच्या लांबीने धावल्या पाहिजेत. आमच्या तुटलेल्या दोन्ही मुठींत रेषा शिंगाच्या बुडाशी आडव्या होत्या. कारखान्यात फळीवर जेवढ्या जास्त मुठी बसतील तेवढ्या बसवून कापल्या असणार. प्लायवूडमध्ये एक पदर उभा आणि एक आडवा असल्याने ही भानगड राहत नाही. चांगल्या प्लायवूडची मूठ तुटत नाही, पण कडा नीट घासल्या नाहीत तर हात सोलते.

दुकानात तपासायचे तर बोल्ट सैल करून पात्याच्या खाचेत पाहावे. तेथे रंग पोहोचत नाही, लाकडाची खरी जात दिसते. मग ओले फडके. मग हातात धरून पाहावे: तीन बोटे मुठीत, तर्जनी पुढे सरळ. चौथे बोट आत शिरत असेल तर मूठ मोठी आहे आणि तीन बोटे दाटत असतील तर लहान. जाडी साधारण २२ मिलिमीटर असते. चुकीच्या मापाच्या मुठीने मनगट दुखते, आणि कारागिराचे मनगट गेले की दुकान गेले.

प्लास्टिकबद्दल आमचे मत लोकांना वाटते तितके वाईट नाही. सेंट्रिंगच्या कामात, सिमेंटच्या पाण्यात, प्लास्टिकच बरे. ज्या करवतीचे दाते कारखान्यातच कडक केलेले असतात त्यांना कानस लागत नाही. दाते बोथट झाले की ती करवत टाकून द्यायची. तिला लाकडी मूठ कशाला? पण जे पाते धार लावून वीस वर्षे चालायचे, त्याला घामात घसरणारी आणि उन्हाने ठिसूळ होणारी मूठ देणे म्हणजे बनारसी शालूला कागदी अस्तर लावणे. वरून मऊ रबर लावलेल्या मुठीही येतात. नव्या असताना झकास लागतात, पण त्यांतील बऱ्याच पुढे चिकट होतात.

आमच्या उर्दू शाळेत मुठीला ‘दस्ता’ म्हणत. शब्दातच ‘दस्त’ म्हणजे हात आहे.

ज्यांना मुठी करून परदेशी पाठवण्याचा विचार आहे त्यांच्यासाठी एक माहिती. शिसव आणि शिशम ज्या डालबर्जिया कुळातील आहेत, ते सर्व कुळ जानेवारी २०१७ पासून साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या बंधनाखाली आले. नोव्हेंबर २०२२ मध्ये पनामा येथील बैठकीत शिशमच्या वस्तूंना सवलत मिळाली: प्रत्येक नगाचे वजन १० किलोपेक्षा कमी असेल तर परवान्याची अट लागत नाही. करवतीची मूठ त्यात सहज बसते.

मुठीला व्हार्निशपेक्षा जवसाचे उकळलेले तेल चांगले. पातळ हात, पुसून घ्यावा, वाळू द्यावा, असे तीनचार वेळा. पण तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नये. जवसाचे तेल वाळताना गरम होते आणि बोळ्यातील चिंध्या काडी न लावता पेटतात. चिंध्या उघड्यावर पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात भिजवून टाकाव्यात. ज्याच्या दुकानात ताके भरलेले आहेत त्याने हे जरूर ध्यानात ठेवावे; आम्ही तर ऐकल्याबरोबर मिस्त्रींच्या कोपऱ्यातला बोळा आधी बादलीत बुडवला.

विक्रेत्याने माल परत घेतला नाही. पाती खरोखर चांगली होती, म्हणून मिस्त्रींनी वखारीतून बाभळीचे जुने, वाळलेले तुकडे आणले आणि मुलांकडूनच नव्या मुठी करवून घेतल्या. प्रत्येकाने आपला पंजा पुठ्ठ्यावर आखला, त्यावरून साचा कापला, पात्यावरची भोके लाकडावर उतरवली. चार मुठी फुकट गेल्या. ज्या मुलाच्या हातात कुसळ गेली होती त्याची मूठ सर्वांत शेवटी झाली, कारण तो घासायचे थांबतच नव्हता. गेल्या महिन्यात दोन सुतार त्याच्याकडे आपल्या करवती घेऊन आले होते. आम्ही त्याला दर थोडा वाढवायला सांगितले आहे.