सागवानाला कोणतं बिट?

मित्रहो, आम्ही चौघांनी वर्गणी काढून एक छोटं सीएनसी राऊटर जोडलंय, हे एव्हाना सगळ्या हॉस्टेलला (आवाजामुळे) ठाऊक आहे. आता त्यावर एक सागवानी फळी चढणार आहे. बोईसरच्या एका मित्राचं जुनं घर पाडलं, त्याच्या दाराची ही फळी. त्याच्या आजीला त्यावर वारली तारपा नाच कोरून हवाय. फळी एकच, दुसरी मिळायची नाही. म्हणून बिटाचा एवढा खल!

सागात सिलिका असते, म्हणजे वाळूचीच बहीण. ती धार खाते. एचएसएसचं बिट स्वस्त पडतं, पण सागावर लवकर बोथट होतं. तेव्हा कार्बाइडच घ्यावं. मात्र ते ठिसूळ असतं, खिळ्यावर आपटलं की टवका उडालाच. जुन्या फळीवर आधी लोहचुंबक फिरवा. पितळी स्क्रू चुंबकाला दाद देत नाही, तो डोळ्यांनीच शोधायचा.

आता फ्लूट. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं असलं तरी त्याला बासरी म्हणणार नाही!) आमच्या मोटरला साधारण १०,००० आरपीएम मिळतात. दोन फ्लूटचं बिट मिनिटाला ६०० मिमी सरकवलं, तर ६०० भागिले २०,००० म्हणजे प्रत्येक धार ०.०३ मिमी लाकूड काढते. घाबरून फीड २०० केला की धार कापायचं सोडून घासत बसते, लाकूड करपतं आणि बिटही तापून जातं. चार फ्लूटला त्याच आरपीएमवर दुप्पट फीड लागेल, तो आमच्या मशीनला झेपणार नाही. म्हणून दोनच बरे. भुसा पिठासारखा बारीक पडायला लागला तर समजा, गणित चुकतंय.

अपकट बिट भुसा वर फेकतं, खाच साफ राहते, पण वरच्या कडेचे रेषे उचकटतात. डाउनकटने वरची कड सुरेख येते, पण भुसा खाचेत दाबला जाऊन उष्णता वाढते. उथळ कामाला डाउनकट, फळी आरपार कापायला अपकट, असं माझं मत. कॉम्प्रेशन बिट प्लायवूडसाठी छान, इथे त्याचं काही काम नाही.

खरी गंमत वारली चित्राची. माणसाचं धड म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण. ३ मिमीच्या सरळ बिटाने ते कोरले तर आतल्या प्रत्येक कोपऱ्याला १.५ मिमी त्रिज्येची गोलाई राहणार, म्हणजे कंबरच गेली! व्ही-बिट मात्र कोपऱ्यात जाताना वर उचलत नेता येतं, त्यामुळे कोपरा टोकदार येतो. ६० अंशाचं व्ही-बिट १ मिमी खोल गेलं की १.१५ मिमी रुंद रेघ पडते, ९० अंशाचं २ मिमी. नाचणाऱ्यांचे हातपाय काडीसारखे, म्हणून आम्ही ६० चं घेतलंय. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांची (पद्मश्री, २०११) चित्रं पाहा, म्हणजे रेघ किती बारीक हवी ते कळेल.

आणखी एक. बिट कॉलेटबाहेर कमीत कमी ठेवा. लांबी निम्मी केली की वाकणं आठपटीने कमी होतं. स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सचा कॅन्टिलिव्हर आठवा, तोच तो!

सागाच्या भुशाने काहींच्या अंगाला खाज सुटते, छातीलाही तो बरा नाही. शनिवारी बघायला येणाऱ्यांनी मास्क आपापला आणावा.