नव्याण्णव पत्ते आणि एक म्होरक्या

निकोल बोलास, क्रोमियम, आर्केड्स सॅबथ, पॅलॅडिया-मॉर्स आणि वेव्हिक्टिस अस्मादी. १९९४ साली ‘मॅजिक : द गॅदरिंग’ या खेळाच्या ‘लेजंड्स’ संचात हे पाच बुजुर्ग ड्रॅगन छापले गेले. प्रत्येकाची ताकद सात, प्रत्येकाचे रंग तीन आणि प्रत्येकाला मैदानात उतरवायचा खर्च आठ माना. माना म्हणजे या खेळातलं चलन. दर फेरीला जमिनीचा एखादा पत्ता मांडायचा, जमिनींतून माना काढायचा आणि त्यावर बाकीचे पत्ते खेळायचे. नव्वदच्या दशकात अलास्कातल्या अॅडम स्टेली आणि त्याच्या मित्रांनी या ड्रॅगनना डेकचे म्होरके नेमून एक नवा खेळप्रकार रचला. पंच म्हणून काम करणाऱ्या शेल्डन मेनरी यांनी तो पंचमंडळींत नेला आणि वर्षानुवर्षं त्याची निगा राखली. २०११ साली ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ या कंपनीने त्याचे तयार डेक बाजारात आणले आणि ‘कमांडर’ हे नाव कायमचं झालं. आज मॅजिकमधला हा सर्वांत लोकप्रिय प्रकार आहे. पण ज्या पाच ड्रॅगनपासून तो सुरू झाला, त्यांतला एकही आता ताकदीच्या यादीत वरच्या बाजूला दिसत नाही.

अशा याद्या भरपूर निघतात. म्होरके एस, ए, बी, सी अशा पायऱ्यांवर मांडलेले असतात आणि नवा खेळाडू त्या पाहून आपला डेक निवडतो. मला या याद्या वाचायला मनापासून आवडतात. मात्र अमुक म्होरक्या वर का आणि तमुक खाली का, हे कळल्याशिवाय त्या वाचण्यात अर्थ नाही, आणि ते कळायला आधी खेळाचा सांगाडा माहीत हवा.

कमांडर खेळायला साधारण चार जण बसतात. प्रत्येकाचा डेक शंभर पत्त्यांचा. मूळ जमिनी सोडल्या तर कुठलाही पत्ता दुसऱ्यांदा घ्यायचा नाही. शंभरांतला एक म्होरक्या. त्याच्या रंगांबाहेरचा पत्ता डेकमध्ये चालत नाही. बाकीचे नव्याण्णव पिसून गठ्ठ्यात जातात, म्होरक्या मात्र डाव सुरू होण्याआधीच सगळ्यांसमोर उघडा ठेवलेला असतो. प्रत्येकाला चाळीस लाइफ. एकाच म्होरक्याकडून लढाईत एकवीस डॅमेज खाल्लं, तर लाइफ शिल्लक असूनही खेळाडू बाद होतो. हा आकडा त्या ड्रॅगनवरूनच आला, साताचे तीन फटके. म्होरक्या मारला गेला तर तो आपल्या राखीव जागी परत नेता येतो आणि पुन्हा खेळता येतो, पण दर खेपेला दोन माना जास्त मोजून.

आता एक साधं गणित. नव्याण्णव पत्ते पिसून सात हातात घेतले, तर ठरावीक एक पत्ता त्या सातांत येण्याची शक्यता शंभरात सुमारे सात. म्हणजे डेकमधला कितीही भारी पत्ता बहुतेक डावांत वेळेवर येतच नाही. म्होरक्या तेवढा खात्रीचा. पत्ते वाटायच्या आधीच हुकमाचा एक्का आपल्याला देऊन टाकावा, तसा हा प्रकार आहे. म्हणून म्होरक्याची ताकद जोखताना मी एकच प्रश्न विचारते : एरवी नशिबावर सोडावी लागणारी कोणती गोष्ट हा खात्रीची करतो, आणि कितव्या फेरीला? आठ माना लागणारा ड्रॅगन उतरेपर्यंत कसलेल्या खेळाडूंच्या टेबलावरचा डाव संपलेलाही असतो. त्याची खात्री उशिरा येते, म्हणून ती स्वस्तातली ठरते.

किनान, बाँडर प्रॉडिजी हा या प्रश्नाचं सर्वांत स्वच्छ उत्तर आहे. २०२० साली ‘इकोरिया’ संचात तो आला. रंग हिरवा-निळा, खर्च फक्त दोन माना. जमीन नसलेल्या तुमच्या कुठल्याही पत्त्यातून माना काढला की किनान त्याच जातीचा आणखी एक माना देतो. आता त्याच्या शेजारी बसॉल्ट मोनोलिथ ठेवून पाहा. ही वस्तू खेळाच्या पहिल्याच, १९९३ सालच्या संचातली. ती आडवी केली की तीन रंगहीन माना मिळतात, आणि पुन्हा उभी करायला तीनच लागतात. एरवी या उलाढालीत हाती काहीच उरत नाही. किनान असला की तिनाचे चार होतात. तीन देऊन वस्तू उभी करायची, पुन्हा चार घ्यायचे. दर चकरेत एक शिल्लक, आणि चकरा हव्या तितक्या. त्यात एक हिरवा, एक निळा माना घालून किनानची दुसरी करामत वापरायची : गठ्ठ्यातले वरचे पाच पत्ते पाहायचे आणि त्यांतला मानव नसलेला एखादा जीव थेट मैदानात आणायचा. सत्तावीस वर्षं जुना पत्ता एका नव्या म्होरक्यामुळे डाव जिंकून देणारा झाला. कॉम्बोचे दोन तुकडे लागतात, त्यांतला एक कायम समोर ठेवलेला आहे. शोधायचा तो फक्त दुसरा. एकेकट्या म्होरक्यांत माझं पहिलं मत किनानला.

एकेकट्या म्हणण्याचं कारण २०१६ सालच्या कमांडर डेकांत आहे. त्या वर्षी ‘पार्टनर’ ही खुबी आली आणि दोन म्होरके एकत्र घ्यायची मुभा मिळाली. दोन म्होरके, उरलेले अठ्ठ्याण्णव. वरवर पाहता किरकोळ बदल, पण खात्रीचे पत्ते एकाचे दोन झाले आणि दोघांचे रंगही एकत्र आले. तीन मानाची टिम्ना द वीव्हर पांढऱ्या-काळ्या रंगाची. त्या फेरीत जितक्या प्रतिस्पर्ध्यांना लढाईत डॅमेज दिलं, तितकं लाइफ मोजून ती तितके पत्ते ओढू देते. दोन मानाचा थ्रासिऑस हिरवा-निळा. चार माना दिले की तो गठ्ठ्यातला वरचा पत्ता चाळून एकतर जमीन मैदानात आणतो, नाहीतर पत्ता हातात देतो. ही जोडी वर्षानुवर्षं स्पर्धात्मक टेबलांवर मानाने वावरली. एकीमुळे सुरुवातीला हात भरलेला राहतो आणि दुसऱ्यामुळे शेवटी कितीही माना साचला तरी तो वाया जात नाही.

२०२० साली आलेल्या रोग्राखकडे पाहून नवखे खेळाडू नेहमी चक्रावतात. ताकद शून्य, खर्चही शून्य. मग तो वर कसा? मैदानात आपला म्होरक्या असेल तर फुकट खेळता येतात असे काही पत्ते त्याच वर्षी निघाले होते. फिअर्स गार्डियनशिप हा त्यांतला एक. समोरच्याचा मंत्र एकही माना न मोजता तो हाणून पाडतो. शून्य खर्चाचा म्होरक्या पहिल्या फेरीपासून मैदानात, म्हणजे हे पत्तेही पहिल्या फेरीपासून फुकट. शिवाय बळी द्यायला एक जीव आयता हजर. ताकदीचा आकडा पाहून क्रमवारी लावणाऱ्याला हे दिसणारच नाही.

रंगांचा प्रश्न असाच. जानेवारी २०२० मध्ये थासाज ओरॅकल हा दोन निळ्या मानाचा जीव आला. तो मैदानात उतरताना तुमचा गठ्ठा रिकामा असेल तर तुम्ही जिंकता. १९९५ सालच्या ‘आइस एज’ संचातला डेमॉनिक कन्सल्टेशन हा एका काळ्या मानाचा मंत्र खेळताना डेकमध्ये नसलेल्या पत्त्याचं नाव घ्यायचं, की आख्खा गठ्ठा उडून जातो. एकूण तीन मानात विजय. यात म्होरक्याचा हात कुठेच लागत नाही, तरीही निळा आणि काळा हे दोन्ही रंग असलेल्या म्होरक्यांचा भाव एका दिवसात वधारला. त्यांच्या पत्त्यावरचं एक अक्षरही बदललेलं नव्हतं.

लोकप्रियता आणि ताकद यांची गल्लत हा सगळ्यांत जास्त होणारा घोळ. अट्राक्सा, एडगर मार्कोव्ह, उर-ड्रॅगन यांचे डेक ढिगाने बांधले जातात, कारण त्यांच्याबरोबर खेळायला मजा येते आणि त्यांच्या टोळ्या आधीच तयार असतात. स्पर्धेच्या टेबलावर बाजी मारणारे वेगळेच निघतात. गोलॉसचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. पाच मानाचा हा यंत्रमानव कोणत्याही रंगाच्या मानाने खेळता यायचा आणि डेकमध्ये मात्र पाचही रंग चालायचे. उतरला की तो हवी ती जमीन शोधून मैदानात आणायचा. म्हणजे मेल्यावर जो दोन मानाचा दंड बसतो, त्यातला एक माना तो स्वतःच परत मिळवून द्यायचा. स्पर्धेतला तो अव्वल म्होरक्या नव्हता. पण घरगुती टेबलांवर कुठलीही कल्पना असो, ‘गोलॉस घेऊन टाक’ हेच उत्तर होऊन बसलं, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये कमांडरचे नियम ठरवणाऱ्या नियम समितीने त्याच्यावर बंदी घातली. मला हा निर्णय तेव्हाही पटला होता, आजही पटतो. इतरांची जागा खाणारा म्होरक्या जिंकत नसला तरी खेळाचं नुकसान करतो.

दंड चुकवणारे आणखीही आहेत. युरिको ही निन्जा कायम दोन मानातच मैदानात शिरते. हल्ला करणाऱ्या आणि कोणी न अडवलेल्या आपल्या एखाद्या जीवाला हातात परत घेऊन ती त्याच्या जागी येते, म्हणून दंड लागूच होत नाही. तिला दोनदा मारा, तिसऱ्यांदाही खर्च तेवढाच. म्होरक्या दोनदा मेल्यावर डेक उभा राहतो का, ही कसोटी याद्यांत फारशी दिसत नाही, पण चौघांच्या टेबलावर तिचाच कस लागतो. कारण समोर तिघे असतात. २०११ सालच्या पहिल्या डेकांमधली कालिया हल्ला करता करता हातातले देवदूत, राक्षस आणि ड्रॅगन फुकटात मैदानात टाकते. ती नुसती उघडी दिसली तरी तिघेही आपले मारक पत्ते तिच्यासाठी राखून ठेवतात. यादीत वर चढलेल्या प्रत्येक म्होरक्याला ही किंमत मोजावी लागते, आणि तिचा आकडा कोणत्याच पत्त्यावर छापलेला नसतो.

मग आला सप्टेंबर २०२४. त्या महिन्याच्या २३ तारखेला नियम समितीने चार पत्त्यांवर बंदी घातली : माना क्रिप्ट, ज्युएल्ड लोटस, डॉकसाइड एक्सटॉर्शनिस्ट आणि नाडू. त्यांतला म्होरक्या एकच, नाडू. पण क्रमवारी खालपासून वरपर्यंत हलली. ज्युएल्ड लोटस फुकटात तीन माना द्यायचा, तोही फक्त म्होरक्यासाठी. तो गेल्यावर महागडे म्होरके एकदम एक-दोन फेऱ्या मागे पडले. डॉकसाइड हा दोन मानाचा लाल जीव समोरच्यांच्या वस्तू मोजून तितका खजिना ओतायचा. तो गेल्यावर लाल रंग घेण्याचं एक मोठं कारणच संपलं.

नाडूची गोष्ट तर प्रत्येक खेळरचनाकाराने वाचावी अशी आहे. जून २०२४ मध्ये हा तीन मानाचा पक्षी आला. तुमच्या जीवांवर कशाचाही नेम धरला गेला की वरचा पत्ता मिळायचा, आणि ही सवलत प्रत्येक जीवाला दर फेरीत दोनदा. शुको हे हत्यार कोणत्याही जीवाला शून्य मानात चढवता येतं, म्हणजे नेमही फुकट. काही मिनिटं एकटाच खेळाडू पत्ते ओढत राहायचा आणि बाकीचे बघत बसायचे. त्याच महिन्यात अॅमस्टरडॅमची प्रो टूर ही मॅजिकची मोठी स्पर्धा नाडूच्याच डेकने जिंकली. रचनाकार मायकेल मेजर्स यांनी पुढे उघडपणे लिहिलं की पत्त्याचा मजकूर शेवटच्या टप्प्यात, कमांडर खेळणाऱ्यांचा विचार करून बदलला गेला आणि त्या रूपात तो खेळून तपासलाच गेला नाही.

बंदीनंतर समितीतल्या लोकांना शिवीगाळ आणि धमक्या झाल्या. महागडे पत्ते एका रात्रीत निरुपयोगी झाल्याचा राग समजू शकतो, पण या वागण्याला माफी नाही. ती माणसं प्रेमापोटी हे काम करत होती. मेनरी यांचं निधन होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. आठवड्याभरातच, ३० सप्टेंबरला, कमांडरचा कारभार कंपनीकडे गेला.

कंपनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये पाच पायऱ्यांची पद्धत चाचणीसाठी आणली. खालच्या पायरीवर निव्वळ हौसेचे डेक, पाचवीवर स्पर्धेचे. यात क्रम लागतो तो आख्ख्या डेकचा. सोबत डाव फिरवणाऱ्या पत्त्यांची एक वेगळी यादी आली आणि सुरुवातीला तिच्यात किनान, युरिको, विनोटा असे म्होरकेही होते. ऑक्टोबरमध्ये ते वगळले गेले. कारण सरळ होतं : म्होरक्या सगळ्यांसमोर उघडाच असतो, खेळायला बसतानाच त्याच्याविषयी बोलून घेता येतं. लपलेल्या नव्याण्णवांचं तसं नाही. मला ही दुरुस्ती योग्य वाटते. किनान घेऊनही कोणी साध्या मोठमोठ्या प्राण्यांचा डेक बांधू शकतो, आणि फारसा चर्चेत नसलेला म्होरक्या तीन मानाच्या विजयावर पांघरूण घालून बसलेला असू शकतो.

यादी कोणत्या टेबलासाठी केली आहे, हे पाहायचंच. फ्रान्समध्ये वाढलेल्या ‘ड्युएल कमांडर’मध्ये दोघेच खेळतात, लाइफ वीस असतं आणि म्होरक्या म्हणून वापरायला मनाई असलेल्या पत्त्यांची वेगळी यादी असते. तिथे स्वस्त, चटकन वार करणारे म्होरके वर जातात, कारण चाळीस गुणिले तीन लाइफ उतरवायचं ओझंच नसतं. टिव्हिट या सहा मानाच्या स्फिंक्सकडे पाहिलं की फरक लख्ख कळतो. तो मैदानात आला की मतदान होतं. प्रत्येक खेळाडूचं एक मत, टिव्हिटच्या मालकाला एक जादा, आणि दर मतामागे मालकाला एक वस्तू. चौघांच्या टेबलावर पाच वस्तू. टाइम सीव्ह हे यंत्र पाच वस्तूंचा बळी घेऊन एक जादा फेरी देतं. त्या फेरीत टिव्हिटचा हल्ला लागला की पुन्हा मतदान, पुन्हा पाच, पुन्हा एक फेरी. टेबलावरचा एक जण आधीच बाद झालेला असेल तर चारच वस्तू येतात आणि पाचवी दुसरीकडून आणावी लागते. दोघांच्या खेळात तर तीनच.