कारकुनाच्या यादीतील संख्या

कोवलमच्या किनाऱ्यावरून उत्तरेकडे चेन्नई बंदराकडे गेले की श्रीनिवास रामानुजन यांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. १ मार्च १९१२ रोजी ते तत्कालीन मद्रास पोर्ट ट्रस्टच्या लेखा विभागात दरमहा ३० रुपये वेतनावर कारकून म्हणून रुजू झाले. कामाच्या वेळी बंदराचे हिशेब आणि उरल्या वेळी संख्यांचे!

पुढे केंब्रिजला गेल्यावर, १९१५ मध्ये, त्यांनी ‘अतिसंयुक्त’ संख्यांवरील प्रबंध प्रसिद्ध केला. आपल्याहून लहान असलेल्या प्रत्येक संख्येपेक्षा जिला अधिक विभाजक आहेत, ती अतिसंयुक्त संख्या. १२ ला सहा विभाजक आहेत. १२ पेक्षा लहान कोणत्याही संख्येला तितके नाहीत. रामानुजन यांच्या यादीतील शेवटची संख्या आहे ६७,४६,३२,८३,८८,८००. तिचे विभाजक तब्बल १०,०८०. एवढे रुपये वाटायचे झाले, तर भागीदार २ असोत वा २८ किंवा यांच्या दरम्यान कितीही, प्रत्येकास समान वाटा मिळून एक रुपयाही शिल्लक राहत नाही. एकोणतिसावा भागीदार आला, की मात्र हिशेब अडतो.

ही सारी यादी संगणकाविना सिद्ध झालेली. तीत एक संख्या राहून गेल्याचे पुढे आढळले : २,९३,३१,८६,२५,६००. खतावणीत एखादी नोंद सुटली, तर तेरीज जुळत नाही आणि चूक उघडकीस येते. येथे तशी सोय नव्हती. गंमत अशी, की या सुटलेल्या संख्येला २३ ने गुणले असता यादीतील तीच शेवटची संख्या मिळते.