गळ आणि जाळे

यमुनेकाठी गळ टाकून बसणाऱ्या दिल्लीकर हौशी मासेमाराची तक्रार अशी की, परवाना, बंदीचा हंगाम आणि धरण्याची मर्यादा ही बंधने त्यालाच जाचतात, जाळेवाला मात्र पाट्याच्या पाट्या भरून नेतो. वस्तुतः 1897 च्या भारतीय मत्स्य अधिनियमाने सुरुंग व विष यांनी मासे मारणे गुन्हा ठरविले आणि जाळ्यांचा प्रकार, त्यांच्या फासाचे माप, बंदीचा काळ यांविषयी नियम करण्याचा अखत्यार प्रांतिक सरकारांस दिला. म्हणजे कायद्याचा मूळ रोख गळाकडे नव्हे, जाळ्याकडेच होता. परंतु एकट्या हौशीचा परवाना तपासणे शिपायास सोपे, आणि पहाटेच्या अंधारात जाळी ओढणाऱ्यांस अडविणे अवघड, हा अंमलबजावणीचा जुनाच दस्तूर आहे. जाळेवाल्याचे पोट त्यावर चालते, हेही हौशीने विसरू नये.

माझ्या मते मात्र या तंट्यात खरा प्रतिवादी, म्हणजे नदीचे प्रदूषण, हजरच नाही. आग्रा कालव्यासाठी 1874 साली जेथे बंधारा उभा राहिला, त्या ओखल्याला एके काळी महासीर मासा गळाला लागत असे. आज वजिराबाद ते ओखला हा सुमारे 22 किलोमीटरांचा प्रवाह, नदीच्या लांबीचा जेमतेम दोन टक्के असूनही, तिच्या प्रदूषणाचा सर्वांत मोठा वाटा वाहतो. म्हणून दिल्लीचे गळवाले उत्तराखंडातील रामगंगेकडे, पंचेश्वराकडे जातात. तेथे महासीर धरून पुन्हा पाण्यात सोडण्याचा रिवाज त्यांनी पत्करला आहे, आणि त्यांचा रोष आता सुरुंग लावणाऱ्यांवर आहे.